आरसा रिकामा असेल तर

१

घरगाडी मागे घेणं हे आर्डिस आणि नॉरिसचं दोघांचं मिळून एकच काम होतं. शेती होती तेव्हा गव्हाचा ट्रक कोठाराला लावताना नॉरिस आत बसायचा आणि आर्डिस मागे उभी राहून खुणा करायची. पुढे शेती भाड्याने दिली, ट्रक विकला. त्याच्या जागी शेगडी, पलंग आणि न्हाणीघर असलेली बसएवढी घरगाडी आली. खुणा मात्र त्याच राहिल्या. दोन्ही पंजे आपल्याकडे ओढले की ये. एक हात बाजूला गेला की तिकडे वळव. मूठ वर गेली की थांब. आणि नियम एकच, तो नॉरिसने लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत घालून दिला होता: आरसा रिकामा असेल तर पाय ब्रेकवर. डावीकडच्या, म्हणजे चालकाच्या बाजूच्या, आरशात आर्डिस दिसली नाही, तर गाडी जागची हलायची नाही. या नियमामुळे इतक्या वर्षांत ना कोठाराचा पत्रा चेमटला, ना आर्डिसचा पाय चाकाखाली सापडला.

नाताळचं झाड उतरवलं की दोघं नॉर्थ डकोटातला बर्फ मागे टाकून दक्षिणेला निघत आणि ॲरिझोनातल्या त्याच रिसॉर्टात, त्याच शेवटच्या जागेवर थंडी सरेपर्यंत राहत. यंदा निघणंच कठीण झालं होतं. शरद ऋतूत नॉरिस टपाल आणायला गेला आणि दुपार टळली तरी परतला नाही. शेवटी तो सापडला पलीकडच्या शेतात, दुसऱ्यांच्या घराच्या ओट्यावर. घरच्यांनी कुलूप का बदललं म्हणून तो तिथे चिडून बसला होता.

"वसंतात तपासण्या होईपर्यंत बाबांच्या हातात गाडी द्यायची नाही," मुलीने, जोलीनने, बजावलं होतं.

"सपाट रस्ता आहे गं. मी शेजारी आहेच की."

"शेजारी बसून काय करणार आहेस, आई? तुला चालवता येते का ती?"

येत नव्हती. म्हणजे कधी चालवली नव्हती. पण नॉरिसकडून किल्ली काढून घेतली असती, तर त्या घरात, त्या बर्फात, खिडकीशी बसलेल्या नॉरिससोबत सबंध हिवाळा काढावा लागला असता, आणि आर्डिसच्या अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं. जरा काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करीन, असं तिने मुलीला कबूल केलं. त्या एका कबुलीवर ती दोघं निघाली.

पहिला मुक्काम नेब्रास्कातल्या एका गाडीतळावर, घरगाड्यांच्या उताराच्या जागी, होता. दिवस मावळतीला लागला होता आणि आभाळ भांडी धुतलेल्या पाण्यासारखं झालं होतं. आर्डिसचा गुडघा आखडला होता, शिवाय तिला घाईची लागली होती. "मी येईपर्यंत थांब हं," असं सांगून ती उतरली आणि कार्यालयाकडे गेली.

परत आली तर गाडी जागेवर लागलेली होती.

नुसती लागलेली नव्हती. दोन झाडांच्या मधोमध, वीज जोडायचा खांब बरोबर हाताशी येईल अशी, इतकी सरळ की नॉरिसच्या ऐन उमेदीतही क्वचितच लागली असेल. तो खाली उतरून चाकांना पाचर लावत होता आणि शीळ वाजवत होता.

"काय बाईसाहेब, आहे की नाही अजून दम?"

"मी मागे नव्हते, नॉरिस."

"हो, आणि मी पोप आहे," तो हसला. "चांगली हात करत होतीस. जरा डावीकडे, जरा डावीकडे, मूठ. थांबलो. तुझे ते केशरी हातमोजे नसते ना, तर या उजेडात काही दिसलं नसतं."

आर्डिसने कोटाच्या खिशात हात घातला. दोन्ही हातमोजे तिथेच होते, एकात एक गुंडाळलेले, तिने घरून निघताना ठेवले होते तसे.

ती गाडीच्या मागे गेली. बर्फ तुडवलेला होता, पण गाडीतळावर तो तुडवलेला असायचाच. माणसाचं डोकं जुनी चित्रं नव्या जागी लावतं, असं डॉक्टरने शरदात सांगितलं होतं. हे तेच असणार. इतक्या वर्षांत नॉरिसने आरशात तिला इतकं पाहिलं होतं की आता ती नसली तरी दिसत होती. तिने स्वतःला असं समजावलं, आणि त्यात तिला थोडं बरंही वाटलं.

मुलीला फोन करायला हवा होता. तिने सूप गरम केलं.

२

ओक्लाहोमात तिने मुद्दाम परीक्षा घ्यायची ठरवली. ठरवली म्हणजे काय, दिवसभराच्या वाऱ्याने गाडी हलून हलून तिची पाठ इतकी दुखत होती की उतरायचंच जिवावर आलं होतं. गाडीतळाच्या माणसाने जागा दाखवली. नॉरिसने गाडी आडवी आणून उभी केली आणि वाट पाहत बसला. आर्डिस त्याच्या शेजारच्या खुर्चीत तशीच बसून राहिली, पट्टासुद्धा न सोडता.

आता तो म्हणेल, उतर ना. मग मी म्हणेन, गुडघा दुखतोय, आज कुणाला तरी बोलाव.

पण नॉरिसने डावीकडच्या आरशात पाहिलं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या. त्याने गियर टाकला आणि गाडी मागे जायला लागली.

"हं... हं, कळलं," तो पुटपुटत होता. "डावीकडे. अजून? बरं, अजून."

आर्डिसच्या बाजूने तो आरसा दिसत नव्हता. तिला दिसत होता फक्त नॉरिसचा गाल आणि स्टेअरिंगवर अलगद फिरणारे त्याचे हात. अलीकडे याच हातांना शर्टाची बटणं सापडत नव्हती. ओरडावं असं तिला वाटलं. पण गाडी मागे जात असताना ओरडायचं नाही, हेही त्याच पहिल्या सुगीत ठरलेलं होतं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

गाडी थांबली. नॉरिसने समाधानाने श्वास सोडला, किल्ली फिरवली, आणि मान वळवली.

शेजारी बायकोला पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आर्डिसने याआधी एकदाच पाहिलं होतं, पलीकडच्या शेतातल्या त्या ओट्यावर.

"तू..." त्याने तिच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तू कधी वर चढलीस?"

खरं बोलायचं म्हणजे त्याला त्या ओट्यावर पुन्हा नेऊन बसवायचं होतं. मग ओघानेच फोन आला, जोलीन आली, किल्ली गेली.

"आत्ताच," आर्डिस म्हणाली.

"मागे तूच होतीस ना?"

"मग दुसरं कोण असणार? मीच."

मग त्याचे खांदे सैल पडले. "क्षणभर मला वाटलं..." तो हसला. "जाऊ दे. काय वाटलं ते कशाला सांगू?"

त्या संध्याकाळी तो पत्ते काढून बसला आणि तिन्ही डाव जिंकला. आर्डिसला वाटलं, एक खोटं बोलून एवढं मिळत असेल तर वाईट काय आहे?

३

सकाळी ती पाण्याची नळी गुंडाळत होती तेव्हा शेजारच्या गाडीतला माणूस कॉफीचा मग घेऊन आला. टक्कल, मोठं पोट, पायात चपला.

"मॅडम, मानलं तुम्हाला! आमच्या हिला मागे उभं केलं की गोष्ट वकिलापर्यंत जाते. तुमचं म्हणजे एक शब्द नाही, नुसते हात."

"सवय आहे," आर्डिस म्हणाली. हे शब्द कसे आले हे तिलाच कळलं नाही.

"ते खरं. पण त्या वाऱ्यात अंगात कोट नको का? मी दोनदा ओरडलो, आत येऊन कॉफी घ्या म्हणून. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. हिला म्हटलं, बाई नाराज दिसते आपल्यावर."

"माझा चेहरा दिसला तुम्हाला?"

"छे, पाठच होती की माझ्याकडे." त्याने मग उंचावला. "सांभाळून जा."

नळी हातातून सुटून बर्फावर पडली. डोकं नॉरिसचं बिघडलं होतं. या माणसाचं नव्हतं. आर्डिस गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि स्वतःशी भांडायला लागली. त्याने दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल. सूर्य डोळ्यांवर असेल. गाडीतळावर म्हाताऱ्या बायका काय कमी असतात? ती जिथे उभी होती ती जागा बरोबर डाव्या आरशात दिसणारी होती. एवढ्या मोठ्या मोकळ्या मैदानात नेमक्या तेवढ्याच जागी तिला उकडल्यासारखं झालं, जणू कुणीतरी तिथून आत्ताच उठून गेलं होतं.

फोन वाजला. जोलीन होती.

"आई, सगळं ठीक?"

"ठीक."

"बाबा?"

"काल पत्त्यांत मला लुटलं त्यांनी."

"आणि गाडी मागे घेताना? खरं सांग हं."

बोलत बोलत पुढे आलेल्या आर्डिसने पुढच्या काचेतून आत पाहिलं. नॉरिस नकाशा उलगडून बसला होता आणि आतून तिला हात करत होता, चल चल, उशीर होतोय. त्याच्या चेहऱ्यावर उजेड होता.

"मागे मी असते ना," ती म्हणाली.

४

रिसॉर्टाच्या फाटकातून आत शिरताना ती दरवर्षी सुटकेचा श्वास टाकायची. खजुराची झाडं, कोरडं ऊन, अर्ध्या चड्ड्या घातलेली म्हातारी माणसं, आणि दुपार कलली की घडीच्या खुर्च्यांचं ते रिंगण. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पेला. कोण आलं, कोण यंदा आलं नाही, कुणाच्या कुठल्या सांध्यात आता धातू आहे. यंदा आर्डिस रिंगणाच्या कडेच्या एका खुर्चीत बसली. घरगाडी अजून रस्त्यावरच उभी होती. नॉरिस कार्यालयात गेला होता.

शेजारच्या जागेवरची व्होंडा पलीकडून ओरडली, "आलीस का बाई एकदाची! काल एवढा हात केला तुला, ओळखसुद्धा दाखवली नाहीस. पैसेवाली झालीस की काय?"

"काल आम्ही न्यू मेक्सिकोत होतो, व्होंडा."

"हो का? मग तुमच्या जागेवर मागच्या बाजूला कोण उभं होतं? कालव्याकडे तोंड करून? मला वाटलं, नॉरिसला मागे टाकून विमानाने आलीस. म्हटलं, शहाणी झाली." रिंगणात सगळे हसले.

"तुझे चष्मे बदल," कुणीतरी म्हणालं.

"दोन बदलले की!" व्होंडा म्हणाली, आणि गोष्ट तिथेच संपली. इथल्या लोकांच्या सगळ्याच गोष्टी अशा हसण्यात संपत. डोळे, कान, नावं, नवरे. कुणी कशाचं खोलात जाऊन विचारायचं नाही, अशी इथली रीत होती, आणि इतकी वर्षं आर्डिसला ती आवडत आली होती. आज तिला वाटलं, कुणीतरी एकाने खुर्ची ओढून जवळ यावं आणि विचारावं.

त्यांची जागा रांगेच्या टोकाला होती. मागे कालवा. काँक्रीटचे उतरते काठ, खाली हिरवं, वेगाने जाणारं पाणी. मध्ये जाळीचं कुंपण असायचं. यंदा ते दुरुस्तीला काढलं होतं. त्या जागी नुसती पिवळी फीत बांधली होती आणि ती वाऱ्यावर फडफडत होती.

आर्डिस उठली. तिने खिशातून हातमोजे काढले आणि घट्ट चढवले.

५

"आज मी मागे आहे," तिने नॉरिसच्या खिडकीशी जाऊन सांगितलं.

"रोजच असतेस."

"ऐक. मी मूठ केली की थांब. लगेच."

"मला शिकवतेस?" तो डोळा मारून म्हणाला.

ती मागे गेली आणि डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी उभी राहिली. ऊन उतरलं होतं. आरशात तिला नॉरिसचा चेहरा दिसत होता, आणि मला तो दिसतोय म्हणजे त्याला मी दिसतेय, हे ट्रकच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तिने पंजे ओढले. ये. गाडी आली. ये. गाडीच्या चालीनेच एकेक पाऊल मागे सरकत ती खुणा करत राहिली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कसली वेडी मी, तिला वाटलं, काय काय मनात आणलं.

खांब बाजूला आला. तिने मूठ वर केली.

गाडी आली.

तिने दोन्ही मुठी वर केल्या. "नॉरिस!"

गाडी येतच राहिली, संथ, सरळ, अजिबात न चुकता. आर्डिसने आरशात पाहिलं. नॉरिस हसत होता. काम मनासारखं जमत असलं की तो हसायचा तसं. त्याचे डोळे आरशावरच होते, पण तिच्यावर नव्हते. तिच्या डाव्या खांद्यावरून, जरा मागे, जरा वर.

तिच्या पाठीमागे पिवळी फीत फडफडत होती. मग फडफडायची थांबली, कुणी हातात धरल्यासारखी.

आर्डिसने वळून पाहिलं नाही. पुढे कधी कुणी विचारलं असतं तर तिला एवढंच सांगता आलं असतं. ती पुढे धावली. गुडघ्यात कळ गेली तरी धावली, आणि चालत्या गाडीच्या खिडकीवर तिने दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली.

"ती मी नाही! नॉरिस, ती मी नाही! मी नव्हतेच कधी!"

नॉरिस दचकून वळला. काचेपलीकडे बायको, केशरी हात. त्याचा पाय ब्रेकवर पडला. गाडीतल्या सगळ्या बशा एकदम खळखळल्या. मागची चाकं काठाच्या आत राहिली, पण गाडीचं मागचं धूड पाण्यावर होतं.

रिंगणातली माणसं धावत, म्हणजे त्यांना जमेल तशी, आली. नॉरिसने काच खाली केली. तो आर्डिसकडे बघत होता, मग आरशाकडे, मग पुन्हा आर्डिसकडे.

"नेब्रास्कात?" त्याने विचारलं.

"नाही."

"ओक्लाहोमात?"

"मी तुझ्या शेजारी बसले होते."

"तू म्हणालीस तूच होतीस."

"म्हणाले."

"का?"

लोक जवळ आले होते. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्याकडची किल्ली जाऊ नये म्हणून."

नॉरिसने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू 'मीच' म्हणालीस, तेव्हा मला वाटलं होतं, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे," तो म्हणाला. "फार बरं वाटलं होतं गं."

मग त्याने किल्ली काढली आणि खिडकीतून तिच्या हातमोज्यावर ठेवली.

६

रात्र त्यांनी व्होंडाकडे काढली. सकाळी व्यवस्थापक आला. अदबीने बोलला, पण हात मागे बांधूनच. त्याने त्यांना पुढच्या रांगेत दुसरी जागा दिली. एका बाजूने आत शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर. मागे घ्यायचं कामच नाही. "मी माणूस पाठवतो गाडी हलवायला," तो म्हणाला.

"मी हलवते," आर्डिस म्हणाली.

व्होंडाने तिचा दंड धरला. "अगं, तुला कुठे येते?"

"सरळ पुढे तर न्यायची आहे."

ती स्वतः चालवायला शिकली तर जोलीनला तसं सांगता येणार होतं, या वेळी खरं. आणि आणखी काही हिवाळे निघणार होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण एवढा हिशेब तिने जुळवला होता. मागे कुणी उभं राहायचं नाही, हेही तिने सर्वांना निक्षून सांगितलं. नॉरिसला तिने पुढे उभं केलं, काचेसमोर, ऊन पडलं होतं तिथे. "तू मला हात कर," ती म्हणाली. "आज तू कर."

खुर्ची तिला फार मागे होती. तिने ती ओढून घेतली. पाय ब्रेकवर ठेवला आणि किल्ली फिरवली. गाडी जिवंत होऊन थरथरली.

समोर नॉरिस उभा होता. रात्रीत तो आक्रसल्यासारखा दिसत होता. त्याने तपकिरी टोपी उलटी घातली होती. त्याने पंजे ओढले. मग एक हात बाजूला केला, का कुणास ठाऊक. मग मूठ केली, तिच्याकडे पाहिलं, उघडली, पुन्हा केली. कुठल्या खुणेचा काय अर्थ, हे तो तिथेच उभ्या उभ्या शोधत होता. व्होंडा त्याच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणाली तसा तो ओशाळून हसला.

आर्डिसने सवयीने डावीकडच्या आरशात पाहिलं. म्हणजे तिला या बाजूने पाहायची सवय नव्हतीच. पण डोळे गेले.

मागे, काठाशी, जिथे पिवळी फीत होती, तिथे तपकिरी टोपी होती. सरळ घातलेली. खांदे रुंद, सुगीत असायचे तसे. उन्हाने चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते. मोठे, ठाम. ते घाई करत नव्हते. ये. जरा डावीकडे. ये. मी आहे ना. ते हात काहीही विसरले नव्हते. त्यांच्याकडे पाहिलं की समजून घ्यायचं, सांभाळायचं, कुणाशी खोटं बोलायचं काहीच उरत नव्हतं. नुसतं यायचं होतं.

आर्डिसला एकदम कळलं की नॉरिस तेव्हा हसत का होता.

आरसा रिकामा असेल तर पाय ब्रेकवर. आरसा रिकामा नव्हता. तिचा पाय फार दमला होता, आणि हात गियरवर होता.

"आर्डिस!" समोरून नॉरिसने हाक मारली. दोन्ही हात वर करून तो ते भिरभिर हलवत होता, हरवलेल्या माणसाने हलवावेत तसे. "आर्डिस, मी दिसतोय ना तुला?"

"दिसतोस की," आर्डिस म्हणाली. तिची नजर आरशातून हलली नाही.